तुलनेच्या गावातून

संपादकांनी कविता मागितली होती. रातपाळी संपवून दोन दिवस बसलो, चार ओळी झाल्या, फाडल्या. कविता पुढच्या अंकाला. आज भांडायचं आहे.

आणि भांडण मालकाशी नाही, पाटलाशी नाही. आपल्याच माणसाशी आहे, म्हणून जास्त जड जातंय.

गेल्या हिवाळ्यात कळवणला, एष्टी स्टँडाजवळच्या हॉटेलाच्या माडीवर आपली बैठक झाली. वीसेक जण असतील. कुणी आश्रमशाळेतले मास्तर, कुणी कांद्याच्या खळ्यावरचे हमाल, दोघं कॉलेजातले, आणि परगावच्या सूतगिरणीतून सुट्टी टाकून आलेला मी. औषधांच्या चाचण्यांचा विषय निघाला. आपला एक मित्र उठला. नाव घेत नाही. त्याच्या कविता मला पाठ आहेत, त्याच्याकडची पुस्तकं नेऊन नेऊनच मी वाचायला शिकलो. तो म्हणाला, "हजारो वर्षं यांनी आमच्या देहावर राज्य केलं. आता औषधंपण आमच्याच देहावर घासून बघणार? आम्ही काय पिंजऱ्यातले उंदीर आहोत? आपल्या वस्तीत एकही चाचणी होऊ द्यायची नाही." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या.

घरी जाताना हात झोंबायला लागले. त्याच हातांनी आषाढात भाच्याला मातीआड केलं होतं. दहा दिवसांचा होता. नाव ठेवलं नव्हतं.

मित्रा, तुला हे माहीत नव्हतं. सांगतो.

बाळंतपण दवाखान्यातच झालं. तिसऱ्या दिवशी ताई घरी आली, माहेरी, आमच्या वाड्यात. पोराचं वजन जरा कमी, बाकी ठीक. सातव्या दिवशी आशाताई येऊन गेली. झोळीत टाकून वजन केलं, काखेत तापमापी लावली, वहीत लिहिलं. आठव्या रात्री पोर अंगावर पिईना. त्याचं रडणं आधी वाडाभर ऐकू जायचं, ते मांजराच्या पिलागत झालं. माय म्हणाली, "पोऱ्या दूध पेत नही रे, आंग गार पडेल शे." दाजींनी चूल पेटवली. मायनं कपाळाला अंगारा लावला. मी मायला तिथंच झापलं, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं आणि अंगारा लावते म्हणून. आज वाटतं, त्या रात्री तिच्या हाताशी दुसरं होतं काय? घरात तेवढाच होता.

पाऊस धो धो. पहाटे अडीचला एका कांदेवाल्याची पिकअप मिळाली. पहिल्या दवाखान्याचं दार ठोठावून ठोठावून उघडलं. बघितलं, म्हणाले पुढं न्या. दुसऱ्यात म्हणाले बाळाच्या पेटीला जागा नाही, पुढं न्या. आपल्याला जन्मभर मागं ठेवणारी ही माणसं, मरायला टेकलं की मात्र पुढं, पुढं करतात. तिसऱ्या, मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तिथल्या एका पोरसवदा डॉक्टरनं खरोखर धावपळ केली, खोटं बोलणार नाही. रक्त काढलं, बाटलीत भरलं, सलाईन लावलं. म्हणाला, रक्तात जंतू गेलेत, सेप्सिस झालंय. मग कुणीतरी एक कागद पुढं केला आणि दाजींचा अंगठा घेतला. कशावर घेतला ते दाजींना आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोर गेलं. रक्ताचा रिपोर्ट त्यानंतर दोन दिवसांनी आला. रक्तातला जंतू बाटलीत वाढावा लागतो, मग ओळखावा लागतो, मग त्याच्यावर एकेक औषध टाकून बघावं लागतं. त्याला दोन-तीन दिवस जातात. नवजात पोराला तेवढे दिवस नसतात.

तो रिपोर्ट माझ्याकडं आहे. जंतूचं नाव क्लेबसिएला. खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढं एक अक्षर. आर, आर, आर, आर, आर, शेवटी कुठंतरी एक एस. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. एस म्हणजे चालतं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभ्या उभ्या एका नर्सबाईनं मला हे सांगितलं. एवढी औषधं नावाला आहेत आणि एकही चालत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग मी वाचायला लागलो. डिक्शनरी घेऊन, मोबाईल घेऊन, दिवसाची झोप मारून. इंग्रजी माझं सातवी नापासाचं. एकेका पानाला आठवडा गेला. गिरणीत रिंग खात्यावर तुटलेला धागा जोडायचं काम करतो, तेव्हा धागा कुठून तुटला हे शोधायची सवय आहे.

शोधता शोधता गडचिरोलीला पोचलो.

गडचिरोली म्हणजे आपल्यासारखाच मुलूख. जंगल, पाडे, दूर दवाखाने. तिथं अभय बंग आणि राणी बंग या डॉक्टर नवरा-बायकोची सर्च नावाची संस्था. त्यांनी १९९३ ते १९९८ अशी पाच वर्षं एक चाचणी केली. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. आरोग्यदूत म्हणायचे त्यांना. अर्धवट शाळा झालेल्या, शेतात खपणाऱ्या, आपल्या ताई-मावशीसारख्या बाया. काय शिकवलं? रडणं मंद झालं का बघ. दूध ओढायचं सुटलं का बघ. अंग गार किंवा गरम झालं का, पोट फुगलं का, बेंबीत पू आहे का, छाती आत ओढली जाते का. म्हणजे माझ्या मायला त्या रात्री जे दिसलं तेच. रक्त तपासायची सोय तिथंही नव्हती, लक्षणांवरूनच ठरवायचं. पण तिथं पुढचं पाऊल होतं. १९९६ पासून त्या बायांच्या पिशवीत जंटामायसिनची सुई आणि को-ट्रायमॉक्सॅझोलचं पातळ औषध आलं. आई-बापाला विचारायचं, दवाखान्यात नेणं होत नसेल तर घरातच, त्यांच्या समोर, पोराला सुई द्यायची.

निकाल १९९९ च्या डिसेंबरात लॅन्सेट नावाच्या विलायती मासिकात छापून आला. आधी सेप्सिस झालेल्या शंभरातली १६.६ पोरं मरत होती. सुई हातात आल्यावर शंभरात २.८. एकूण नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. खर्च एका पोरामागं साडेपाच डॉलरसुद्धा नाही, ५.३. तिसऱ्या वर्षी दर १८ पोरांमागं एक मरण टळलं.

मित्रा, ही चाचणीच होती. आपल्यासारख्यांच्या पोरांवर केलेली. त्या माडीवर आपण ठराव केला तसा त्या ३९ गावांनी केला असता तर ती पोरं आज नसती. तिशीच्या आसपासची असतील आता, माझ्यापेक्षा थोडी मोठी.

तू म्हणशील, आणि तुला तो हक्क आहे, की हा एक चांगला दाखला. खम्ममचं काय? खम्मम मी विसरलेलो नाही. २००९ साली आंध्रात खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा प्रकल्प झाला. आदिवासी पोरी, वसतिगृहातल्या. संमतीपत्रावर सह्या कुणाच्या? कितीतरी ठिकाणी वॉर्डनच्या. आई-बापाला पत्ता नाही. पोरी मेल्या तेव्हा गाजलं, २०१० मध्ये काम थांबवलं, मरणाचा लशीशी संबंध नाही असं चौकशीत म्हटलं गेलं. पण २०१३ साली संसदेच्या समितीनं संमतीच्या या धंद्यावर आसूड ओढले. आपल्या कळवण प्रकल्पात आश्रमशाळा थोड्या आहेत का? उद्या कुणी येऊन अधीक्षकाची सही घेऊन पोरींच्या दंडात सुया टोचल्या तर आडवं पडायला मीच पहिला येईन. त्याही आधी बघ. १८९७ साली मुंबईत प्लेग होता, गिरणगाव ओस पडत होतं. हाफकिननं प्लेगची लस बनवली, १० जानेवारीला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. इथवर सलाम. पण पुढची माणसं कोण? भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी. तुरुंगातला माणूस हो म्हणतो तेव्हा त्या होला किती वजन असतं, हे तुला आणि मला वेगळं सांगायला नको.

तर हा राग खरा आहे. मी तो मोडीत काढत नाही. पण रागानं पुढं काय केलं ते बघ. त्यानं संमतीची चोरी आणि चाचणी एकाच दोरीनं बांधली आणि दोघींना नदीत टाकलं. चोरी बुडाली नाही, ती पोहते. बुडाली फक्त चाचणी.

आणि चाचणी नसली की काय होतं ते ऐक. १९४१ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस शिपाई होता. जंतू रक्तात, तोंडावर-डोक्यावर गळवं, एक डोळा काढावा लागला. मरणार हे नक्की. तोपर्यंत अशा रोग्याला पेनिसिलिन देऊन कुणी बघितलं नव्हतं. १२ फेब्रुवारीला त्याला पहिली सुई दिली. ताप उतरला, माणूस जेवायला लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढायचे आणि परत टोचायचे. तरी संपलं. औषध संपलं तसा जंतू उलटला आणि १५ मार्चला तो मेला. आज कुणाच्याही पोराला पेनिसिलिन मिळतं त्याच्या मागं हा शिपाई आहे. तो राजा नव्हता, लॉर्ड नव्हता. गोऱ्यांच्या देशातही पहिला प्रयोग शिपायावरच झाला, हे मी बघितलं. पण मला त्यातलं जास्त लागलं ते दुसरंच. तो प्रयोगानं मेला नाही. औषध पुरलं नाही म्हणून मेला.

दुसरा दाखला अलीकडचा, २०१८ चा. मेरिनो नावाची चाचणी. रक्तात असे जंतू गेलेले रोगी ज्यांना सेफ्ट्रियाक्सोन लागू पडत नाही. अशांना मेरोपेनेम हे भारी औषध द्यायचं की पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलं तरी भागेल? बाटलीतल्या तपासणीत जंतू दुसऱ्याला एस दाखवत होता, चालतं म्हणत होता. मोठमोठे डॉक्टर म्हणत होते, चालेल. नऊ देशांत चारशेच्या आतबाहेर रोगी घेऊन तुलना केली. ३० दिवसांत मेरोपेनेमवाल्यांतले शंभरात ३.७ मेले, दुसऱ्यांतले शंभरात १२.३. चाचणी मधेच थांबवावी लागली. म्हणजे ज्याला सगळे चालेल म्हणत होते त्यानं तिप्पट मढी पाडली. चाचणी केली नसती तर हे चालेल, चालेल वर्षानुवर्षं चाललं असतं. आणि कुणाच्या वाट्याला आलं असतं? ज्याच्या खिशात भारी औषधाचे पैसे नाहीत त्याच्या.

आणि कधी चाचणी आपल्या बाजूनं बोलते. रक्तातल्या जंतूंवर औषध किती दिवस? चौदा दिवस, अशी डॉक्टरांची वहिवाट. चौदा दिवस खाट धरायची म्हणजे हातावर पोट असलेल्याचं काय होतं? बायको पायाशी बसून, पोरं शेजाऱ्याकडं, मुकादम नाव कापणार. २०२४ मध्ये बॅलन्स नावाच्या चाचणीचा निकाल आला. सात देश, ७४ दवाखाने, ३,६०८ रोगी. सात दिवस औषध घेतलेले ९० दिवसांत मेले ते १४.५ टक्के, चौदा दिवसवाले १६.१ टक्के. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. (सगळ्याच जंतूंना आणि सगळ्याच रोग्यांना हे लागू नाही. स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू त्यात धरलेला नव्हता. उद्या कुणी माझा लेख दाखवून सलाईन उपटू नये.) असा प्रश्न कंपनी विचारणार नाही, औषध निम्मं विकण्यात कुणाला रस? तो सरकारी पैशावरच विचारावा लागतो. त्या सात देशांत आपला देश नव्हता. निम्म्या दिवसांची गरज सगळ्यात जास्त ज्यांना, ते मोजणीत नाहीत. आपण उंदीर झालो म्हणून तू ओरडतोस. मला भीती वाटते ती आपल्याला कुणी विचारतच नाही याची.

आता मूळ दुखण्यावर येतो. गडचिरोलीच्या त्या कागदात ३९ च्या शेजारी दुसरा आकडा आहे, ४७. ती तुलनेची गावं. तिथं आरोग्यदूत नाही, सुई नाही, सरकारी सेवा जशी होती तशी. पोरं जन्मली किती, मेली किती, एवढं मोजायचं. तुझ्या डोक्यात लगेच येईल, त्या ४७ गावांनी काय पाप केलं होतं? माझ्याही आलं. चार रात्री साच्यावर उभा राहून तेच डोक्यात फिरत होतं. तुलना नसती तर लॅन्सेटवाले म्हणाले असते, पाऊस चांगला झाला म्हणून पोरं वाचली, तुमच्या सुईनं नाही. कुणीतरी तुलनेत राहिल्याशिवाय सिद्ध होत नाही. हे कडू आहे आणि मी ते गिळलं. पण गिळताना एक अट मनात धरली. सिद्ध झालं की तुलना संपली पाहिजे. त्या दिवशी, त्या वर्षी. राहिलेल्याला औषध मिळालं पाहिजे.

सिद्ध झालं १९९९ ला. आता मोज.

२००१ साली कोवळी पानगळ नावाचा अहवाल आला, महाराष्ट्रात पोरं किती मरतात आणि सरकारी वहीत किती कमी लिहिली जातात ते त्यानं मांडलं. चर्चा झाल्या, समिती झाली. देशभर आशांनी घरी जाऊन नवजात बघायचं हा कार्यक्रम सरकारनं घेतला तो २०११ ला. गडचिरोलीचंच बी. बारा वर्षं गेली मधे. आणि त्यातून सुई काढून घेतली! तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या दिवशी आशा येणार, वजन करणार, तापमापी लावणार, आई-बापाला समजावणार, चिठ्ठी देणार. एका पोरामागं तिला २५० रुपये. ज्या कामानं १६.६ चे २.८ झाले ते काम तेवढं वगळून. २०१४ ला केंद्रानं जरा सैल सोडलं: दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तर एएनएम नर्सबाईनं जंटामायसिन द्यावं. २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तशीच वाट मोकळी केली, आशिया-आफ्रिकेतल्या चाचण्या बघून. मग पुणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात परत एक अभ्यास झाला, सरकारी माणसांकरवी हे जमतं का. २०२० ला तो छापून आला. अभ्यासावर अभ्यास. आणि आमच्या वाड्यात त्या रात्री नर्सबाई कुठं होती? चार गावांना एक बाई, ती तरी कुठं कुठं पुरणार. तिच्यावर माझा राग नाही.

सुई का काढली? इथं माझं डोकं फिरतं. गावातली अडाणी बाई सुई देते म्हणजे काय, असा ओरडा डॉक्टर लोकांनी केला. घातक आहे म्हणे. आकडे समोर होते तरी. हा आवाज आपण ओळखतो, मित्रा. हाच आवाज म्हणायचा की यांच्या कानावर मंत्र पडता कामा नये. तेव्हा कानात शिसं ओतायची भाषा होती, आता परवान्याची आहे. शुद्ध पाण्याला आपला हात लागला तर पाणी बाटतं, हे महाडला १९२७ मध्ये आपण मोडून काढलं. औषधाच्या कुपीला गावच्या बाईचा हात लागला तर कुपी बाटते, हे अजून उभं आहे. सुईची भीती नाही त्यांना. सुई कुणाच्या हातात जाते त्याची आहे.

आणि तू त्यांच्याच बाजूला जाऊन उभा राहिलास. तुला तसं वाटत नसेल. पण ते म्हणतात यांच्या वस्तीत सुई नको, तूपण म्हणतोस आमच्या वस्तीत सुई नको. कारणं वेगळी, सुई दोघांच्या भांडणात पलीकडंच राहिली.

म्हणून म्हणतो, १९९९ पासून कळवण हा तुलनेचा गट आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, सगळा डोंगरपट्टा. जे सिद्ध झालंय ते द्यायचं नाही आणि काय होतं ते बघत बसायचं, याला प्रयोग म्हणत नाहीत तर काय? संमतीपत्र नाही, कमिटी नाही, भरपाई नाही. गडचिरोलीच्या ४७ गावांतलं मेलेलं पोर निदान मोजलं गेलं. माझा भाचा कुठल्या कागदावर आहे? तुला प्रयोगाविरुद्ध ठराव करायचा असेल तर या प्रयोगाविरुद्ध कर. मी टाळ्या वाजवीन, हात फुटेस्तोवर.

इथवर लिहिलं आणि थांबलो होतो. कारण खिशातला रिपोर्ट. त्यात जंटामायसिनपुढं आर आहे.

म्हणजे गडचिरोलीची सुई त्या रात्री आमच्या घरात असती तरी भाचा वाचला असता, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. हे लिहिलं नसतं तर लेख जास्त जोरकस झाला असता. पण मग मी आणि आकडे लपवणारे यांच्यात फरक काय? गडचिरोलीची ती पोरं घरात जन्मलेली, घरातले जंतू. माझा भाचा दवाखान्यात जन्मला. सरकार सांगतं बाळंतपण दवाखान्यात करा, बरोबर सांगतं, आया वाचतात. पण दवाखान्यातले जंतू सगळी औषधं पचवून बसलेत. दिल्लीच्या तीन मोठ्या दवाखान्यांत २०११ ते २०१४ नवजात पोरं तपासली, तिथं असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हेच जंतू वरचढ निघाले आणि त्यांतले कितीतरी एकाहून जास्त औषधांना दाद देईनात. मला त्या वऱ्हांड्यात जो कागद मिळाला तो एकट्या माझा नव्हता.

मग आता? आता नवी औषधं लागणार. आणि नवं औषध चाचणीशिवाय येत नाही. तुझ्या ठरावाचं काय करू मी, सांग?

नवी औषधं येतायत, अगदी आपल्या राज्यातून. छत्रपती संभाजीनगरला वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे, तिथून लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन निघालं, २०२० मध्ये देशात मंजूर झालं, कातडीच्या आजारावर, जंतू रक्तात गेलेले असले तरी. पण ते मोठ्या माणसांसाठी, आणि क्लेबसिएला हे त्याचं शिकार नाही. नवजातासाठी बघायला गेलं तर बहुतेक नव्या औषधांवर त्यांची मात्राच लिहिलेली नसते. कारण त्यांच्यावर तपासलेलंच नसतं. दोन किलोच्या पोराच्या औषधात नफा किती निघणार? दक्षिण आफ्रिका आणि केनियात निओसेप नावाची चाचणी सुरू झालीय, फॉस्फोमायसिन, फ्लोमोक्सेफ, अमिकासिन अशी जुनी औषधं जोडीजोडीनं नवजातांना देऊन बघायची. काळ्यांची पोरं. आपल्या भाषेतल्या कुणाला हे माहीत तरी आहे का?

आणि पिंपरी? १९५४ साली सरकारनं पेनिसिलिनचा कारखाना काढला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. नफ्यासाठी नव्हता काढला. गावोगावच्या दवाखान्यात स्वस्त पेनिसिलिन जावं म्हणून. पुढं त्याला आजारी पाडलं, कामगारांचे पगार थकले, २०१६ मध्ये सरकारनं जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. गिरणी कामगाराला हे नाटक पाठ आहे. पहिला अंक यंत्रं जुनी, दुसरा अंक तोटा, तिसरा अंक जमीन. ज्या कारखान्यात नवजातांचं औषध नफा न बघता बनलं असतं, तपासलं गेलं असतं, त्याच्या जमिनीचा भाव काढला गेला. या विरुद्ध आपल्या अंकात कुणी कविता लिहिली? मीपण नाही.

तर माझं म्हणणं. चाचणी आपल्या तालुक्यात व्हावी. पण मला जे पाहिजे ते आधी ऐक, मग दलाल म्हण. दाजींचा अंगठा कशावर लागतोय ते दाजींना त्यांच्या बोलीत कळलं पाहिजे, अहिराणीत नाहीतर कोकणीत, आणि नको म्हटलं तरी पोराला आहे ते औषध मिळालंच पाहिजे. २०१९ च्या चाचण्यांच्या नियमांत एथिक्स कमिटी आहे, इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई आहे. छान. त्या कमिटीत बाहेरचा माणूसपण बसवायची सोय आहे. तो बाहेरचा माणूस म्हणजे दर वेळी निवृत्त प्राचार्य का? पोर गमावलेली बाई का नाही? ताईला बसवा. ती चौथी शिकलीय, पण पहाटे अडीचला काय विचारायचं असतं ते तिला कुणाहीपेक्षा जास्त कळतं. त्याच नियमांत असंही आहे की चाचणी संपल्यावर औषध लागू पडलेल्या रोग्याला, दुसरा इलाज नसेल तर, ते पुढंही देता येतं. त्या एका रोग्याला. मी म्हणतो गावाला द्या. ज्या तालुक्याच्या पोरांवर तपासलं त्या तालुक्याच्या दवाखान्यात ते औषध आधी आलं पाहिजे, शहरातल्या काचेच्या दवाखान्याच्या आधी. आणि जे जुनं सिद्ध झालंय, ती सुई, ती तर आजच द्या. तिच्यासाठी कुठलीही चाचणी बाकी नाही.

मित्रा, पुढच्या बैठकीत उत्तर दे. या अंकातच दे. शिव्या दे, चालेल. पण तो रिपोर्ट मी बरोबर आणणार आहे. तुझं इंग्रजी चांगलं आहे. वीस जणांसमोर तू तो मोठ्यानं वाच, एकेक औषध, एकेक अक्षर, आणि मग ठराव मांड.

ताईला परत दिवस गेलेत. पोळ्याच्या आगेमागे होईल म्हणतात. गेल्या सुट्टीला आशाताई वाटेत भेटली, तिला थांबवलं, पिशवी दाखवा म्हटलं. तिनं पारावर पिशवी रिकामी केली. वजनाची झोळी, तापमापी, घड्याळ, पोराला गुंडाळायचं ब्लँकेट, वही.

"सुई?"

"ती नर्सबाईंकडं असते, भाऊ."

"नर्सबाई कुठायत?"

"मीटिंगला."